पानाच्या तळाशी ‘येतो’

आमच्या धंद्यात ट्रॅफिक वाढलं की पेढे वाटायचे आणि ऑफिसातून बाहेर पडलं की त्याच ट्रॅफिकच्या नावानं बोटं मोडायची, अशी माझी शारजातली बरीच वर्षं गेली. वेबसाइटवर माणसं यावीत म्हणून दिवसभर जीव टाकायचा, आणि संध्याकाळी दुबईहून परतणाऱ्या नवऱ्याची वाट बघत गॅलरीत येरझाऱ्या घालायच्या. तो रस्त्यात अडकलेला, मी घरात. स्वस्थ बसणं मला कधीच जमलं नाही. आताही हे लिहिताना दोनदा उठून गॅसवर काही राहिलंय का ते बघून आलेय. काही नव्हतं.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका गॅरेजच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. मालक कुरियनसाहेब केरळचे. आधी ते व्हिजिटिंग कार्डं छापत. इंटरनेट आलं तसं, ‘कार्डासोबत वेबसाइट पण’ असं सुरू झालं आणि त्या ‘पण’साठी मला घेतलं. खाली पत्रा ठोकण्याचा आवाज, वर आम्ही तिघं आणि दोन कॉम्प्युटर. इंटरनेट टेलिफोनवरून यायचं, त्यामुळे कुणाचा फोन आला की काम खलास.

माझं काम काय, हे माहेरच्यांना मी शेवटपर्यंत नीट सांगू शकले नाही. बघा, वेबसाइटचं किंवा ब्लॉगचं पान म्हणजे मधे मजकूर आणि बाजूला लहान लहान चौकोन. एकात घड्याळ, एकात हवामान, एकात नमाजच्या वेळा, एकात आतापर्यंत किती लोक येऊन गेले त्याचा आकडा. त्यांना पुढे ‘विजेट’ असं नाजूक नाव मिळालं. आम्ही ‘डबा’ म्हणायचो. कुरियनसाहेबही हिंदीत ‘डब्बा’च म्हणायचे. डबा बनवणं सोपं. तो ठेवायचा कुठे, यात सगळी मेख. चुकीच्या जागी ठेवला तर कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, आणि फार ठेवले तर पान उघडायलाच इतका वेळ लागतो की माणूस कंटाळून निघून जातो. सर्वसाधारण नियम असा की पान उघडल्याबरोबर, खाली सरकवायच्या आधी, जे दिसतं तेच बघितलं जातं. महत्त्वाचा डबा तिथे हवा. वर, डावीकडे.

या नियमाचा मला फार अभिमान होता. तो एका खजूरवाल्या अरब शेठनं पहिल्यांदा मोडला. त्याचं पान अरबीत होतं. फोन नंबरचा डबा मी नियमाप्रमाणे वर डावीकडे बसवला. आठवड्यानं शेठ जिना चढून वर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मॅडम, मेरा नंबर क्यों छुपाया?” मी नंबरावर बोट ठेवलं. ते हसले. “ये तो आखिर में है. हम लोग उधर से आता है,” म्हणून त्यांनी पडद्याच्या उजव्या कडेवर टिचकी मारली. खरंच की! अरबी उजवीकडून वाचतात. माझ्या दृष्टीनं जो दरवाजा, तो त्यांच्या दृष्टीनं परसदार. डबा उजवीकडे नेला आणि शेठच्या दुकानात फोन वाजायला लागले. तेव्हापासून मी नियमापेक्षा येणाऱ्या माणसाकडे बघायला शिकले, असं मला वाटत होतं. ते अर्धंच खरं होतं, हे पुढे कळलं.

आता खानोलकरकाकांकडे येते. वसंत खानोलकर उम्म अल कुवैनच्या एका पाण्याच्या टाक्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखान्याची साइट आम्ही केली, तेव्हा टाक्यांचे फोटो घेऊन हेच यायचे. एक दिवस फोटो देऊन झाले तरी उठेनात. मग हळूच म्हणाले, “नीला, ते ब्लॉग म्हणतात ते फुकट असतं ना गो? मला एक काढून दे. मराठीत.”

तेव्हा मराठीत ब्लॉग लिहिणारे मोजकेच असतील. अर्ध्या लोकांना पडद्यावर मराठीऐवजी नुसते चौकोन दिसायचे. त्यामुळे ‘अक्षरं दिसत नसतील तर इथे टिचकी मारा’ हा डबा सगळ्यात वर, ही माझी पहिली अट. काकांना मात्र कॉम्प्युटरचा उंदीर हलवला की मागून झेंडूच्या पाकळ्या गळायला हव्या होत्या. त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. शेवटी पाकळ्या गेल्या, आणि ब्लॉगला नाव मिळालं ‘पडवी’.

काका लिहायचे झकास. खाडीतले बांगडे, कारखान्यातला बंगाली फोरमन, वाळूचं वादळ आल्यावर वाळत घातलेल्या कुरड्यांचं काय झालं, आणि मधून मधून कुंदाकाकू. “आमच्या गृहमंत्र्यांनी आज आमटीत कोकम दोनदा घातले, म्हणजे राग कुणाचा आहे ते समजून घ्यावे,” असं काहीतरी. पडवी बघता बघता वाचली जायला लागली. दुबई, मस्कत, कुवेत, पुणं. कुठून माणसं येतात ते मला नोंदीत दिसायचं. नावं दिसत नाहीत, फार तर शहर कळतं.

पण पडवी पडद्यावर होती आणि कुंदाकाकू घरात. उम्म अल कुवैन तेव्हा फार शांत. दुबई-शारजाची मराठी मंडळं, गणपती, नाटकं सगळं दूर. सुट्टीच्या दिवशी कोण इतक्या लांब येतो! मुलगी मानसी कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि काकूंचं घर एकदम रिकामं झालं. मी एकदा गेले होते तर त्यांनी मला तीन वेळा चहा पाजला, मी उठू नये म्हणून. काकांनी कौतुकानं पडवीवरचा आकडा दाखवला, तर म्हणाल्या, “हा आकडा जेवतो काय? माणूस म्हणजे ज्याच्यापुढे ताट ठेवता येतं तो.”

मग त्यांनी निक्षून सांगितलं. यंदा संक्रांतीला घर माणसांनी भरलं तर राहते. नाही भरलं तर मी चालले मानसीकडे, तुम्ही तुमची पडवी सांभाळा. काका हे मला सांगायला ऑफिसात आले तेव्हा टाकीचे फोटो आणायचेही विसरले होते. “‘चालले’ म्हणाली गो. असं ती कधी बोलत नाही.”

ठरलं असं की संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी, म्हणजे इकडच्या सुट्टीच्या दिवशी, पडवीच्या वाचकांना घरीच जेवायला बोलवायचं. किती पानं होणार ते कळायला हवं, म्हणून मी डबा केला. त्यात प्रश्न, ‘संक्रांतीला आमच्याकडे येणार?’ आणि खाली दोन बटणं, ‘येतो’ आणि ‘जमणार नाही’. वर डावीकडे बसवला. दोन दिवस झाले, तीन झाले. बटण दाबणारे तुरळक. मी दर तासाला आकडा बघत होते. कुरियनसाहेब वैतागले. “नीला, ये कोई दूध है क्या, उबल जाएगा?”

काकांचं म्हणणं निराळंच. “तू डबा दारात ठेवलायस. पडवीत पाय टाकल्या टाकल्या ‘जेवणार का’ असं कोण विचारतो? आधी पाणी द्यावं, बसवावं, चार गोष्टी बोलाव्यात. मग विचारावं.”

“काका, खालपर्यंत कुणी जात नाही.”

“माझे लोक जातात. आणि ते ‘जमणार नाही’ काढ. नाही म्हणायची सोय आपण कशाला करून द्यायची? प्रश्नचिन्ह पण काढ. आमंत्रणाला कसलं प्रश्नचिन्ह!”

खजूरवाल्या शेठची आठवण ठेवून मी ऐकलं. येणाऱ्या माणसाच्या रीतीनं जायचं, एवढं तर मी शिकले होते. प्रश्न गेला, नकार गेला. उरलं एक बटण, ‘येतो’. ते लेखाच्या तळाशी, शेवटच्या ओळीखाली. आमंत्रण काकांनी लेखात लिहिलंच होतं.

आणि काय सांगू! दुसऱ्या दिवसापासून आकडा धावायला लागला. सकाळी बघावं तर वाढलेला, दुपारी बघावं तर आणखी. काका रोज नवा लेख टाकत होते, आमंत्रणाचा लेख मागे मागे सरकत होता, पण बटण प्रत्येक लेखाखाली तसंच, आणि लोक दाबतच होते. आकडा शंभराच्या वर गेला तेव्हा कुरियनसाहेबांनी स्वतः चहा मागवला. नुसती जागा बदलून इतका फरक पडलेला आमच्या ऑफिसात कुणी पाहिला नव्हता. ते गिऱ्हाइकांना सांगायला लागले, “डब्बा नीचे रखेंगे, मॅडम का नया टेक्निक है.”

शुक्रवारी मी सकाळीच उम्म अल कुवैनला पोचले. कुंदाकाकू पहाटेपासून उभ्या होत्या. काळ्या वाटाण्याचं सांबारं, वड्यांचं पीठ, खीर, तिळगुळाचे डबे, हळदीकुंकवाचं ताट. शेजारच्या पाकिस्तानी घरातून सतरंज्या आणल्या होत्या. काकूंनी पैठणी नेसली होती आणि त्या सारख्या हसत होत्या. एवढ्या माणसांना घर पुरेल का, ही त्यांची चिंता. “जिन्यात पण बसवूया गो. मुलं बसतील जिन्यात.”

बारा वाजले. रस्त्यावर एक गाडी दिसली की मी गॅलरीत. गाडी पुढे निघून जायची. एक वाजला. काका दाराशी चपला सरळ करत होते, पण त्या घरच्याच चपला होत्या. ट्रॅफिक असेल, मी म्हटलं. “शुक्रवारी दुपारचं?” काकूंनी विचारलं आणि गॅस बारीक केला. मी पुन्हा गॅलरीत गेले. माझे पायच थांबत नव्हते, आणि आत जाऊन त्या बाईच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

जेवणवेळ टळता टळता बेल वाजली. दारात एक तरणा माणूस, हातात केळ्यांची पिशवी. दिगंबर परब, आमच्याच औद्योगिक क्षेत्रातल्या एका गॅरेजात वेल्डर. दोन टॅक्स्या बदलून आला होता. काकूंनी त्याला जवळजवळ ओढूनच आत घेतलं.

“बाकीचे येतायत ना मागून?” काकांनी विचारलं.

“कोण बाकीचे?”

“अरे, शंभरावर लोकांनी ‘येतो’ दाबलंय. तू पण दाबलंस ना?”

“ते होय?” परब म्हणाला. “ते तर मी रोज दाबतो.”

मी गॅलरीतून आत आले. “रोज कशाला?”

परब गोंधळला. त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. “म्हणजे, वाचून झालं की. कुणाच्या पडवीत बसायचं आणि न सांगता उठायचं, बरं दिसत नाही ना ताई. खाली लिहिलेलंच असतं, ‘येतो’. मग म्हणतो येतो, आणि बंद करतो.”

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट खटाखट जागेवर बसत गेली. आपल्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तेच बटण वर होतं तेव्हा त्याचा अर्थ ‘तुमच्याकडे येणार’. तळाशी नेलं आणि त्याचा अर्थ झाला ‘निघतो आता’. एक अक्षर बदललं नव्हतं. वरचा प्रश्न गेला होता आणि जागा बदलली होती. कुवेतचे, मस्कतचे, पुण्याचे लोक रोज वाचून उठताना रीतसर निरोप घेत होते, आणि आम्ही त्या निरोपांची पानं मांडत होतो.

मी रडायच्या बेतात होते. काका खाली मान घालून बसले. कुंदाकाकू मात्र परबासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“रोज येतोस तू?”

“हो काकू. आम्ही खोलीत सहाजण. एकाकडे कॉम्प्युटर. मी मोठ्यानं वाचतो, सगळे ऐकतात. तुमचं ते कोकम दोनदा घातल्याचं फार हसलो.”

“आणि जाताना सांगून जातोस.”

“हो.”

काकूंनी काकांकडे बघितलं. “एवढी माणसं रोज घरी येऊन जातात, आणि मला हे कुणी सांगितलं नाही?” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आणि नुसतं ‘येतो’ काय गो? बायकांनी न सांगताच उठायचं?”

संध्याकाळपर्यंत आणखी दोन कुटुंबं आली. शारजाचं एक आणि अजमानचं एक. अजमानच्या मुलांनी ‘आंटी, वी डोन्ट ईट दिस ब्लॅक थिंग’ असं जाहीर करून मग त्याचीच दोन ताटं संपवली. उरलेले वडे परबाबरोबर खोलीवर गेले. दुसऱ्या दिवशी मी पडवीवर दुसरं बटण बसवलं, ‘येते’.

पण घर भरलं नव्हतं, आणि काकू शब्दाच्या पक्क्या. रथसप्तमी झाली आणि त्या निघाल्या. विमानतळावर मी पण होते. आत जाताना त्या वळल्या आणि म्हणाल्या, “येते.”

परतीच्या वाटेवर काका गाडीत म्हणाले, “‘येते’ म्हणाली, ऐकलंस ना? आधी ‘चालले’ म्हणत होती.” आणि थोड्या वेळानं, “पण तसं तर सगळेच म्हणतात, नाही?” मी मनात महिने मोजले. गल्फमधला नियम सगळ्यांना पाठ असतो. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की व्हिसा खलास. जुलै संपेपर्यंत काकू आल्या तर आल्या.

त्या महिन्यांत मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा एक आकडा बघितला असेल. रोज सकाळी, मानसी कॉलेजला गेली असेल अशा सुमारास, पुण्याहून एक ‘येते’ पडायचं. शहरांची नोंद मी काकांनाही उघडून दिली होती. त्यांचा लगेच फोन, “आली होती गो आज.” ती काकूच कशावरून, पुण्यात दुसऱ्या बायका नाहीत का, हे माझ्या ओठांवर यायचं. धंद्यातलं माणूस म्हणून सांगायला हवं होतं. मी म्हणायचे, “हो काका, बघितलं.” फोनवर दोघं बोलायचे ते गॅसचं बिल आणि मानसीची परीक्षा एवढंच. यायचं कधी, हे काका विचारायचे नाहीत आणि काकू सांगायच्या नाहीत. काकांचे लेखही बदलले. विनोद कमी झाला. कोकमाचा उल्लेख नाही. त्यांनी एकदा मला विचारलं, ते बटण जरा मोठं करता येईल का, लांबून दिसेल असं.

जुलै उजाडला. अख्खं गल्फ गरमीनं भारतात पळतं तो महिना. शारजातल्या आमच्या बिल्डिंगीत संध्याकाळी लिफ्टसाठी थांबावं लागेना. मीही तिकिटं काढली होती, पण मन लागत नव्हतं. महिना संपत आला आणि एका गुरुवारी ‘येते’ पडलं नाही.

शुक्रवारीही नाही. दुपारी काकांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. “नीला, बघ जरा, तुझ्या त्या डब्यात काही बिघाड असेल. घरचा फोन पण उचलत नाही. मानसीला मोबाइलवर लावला, तर म्हणते, ‘बाबा प्लीज, शी इज फाइन, डोन्ट पॅनिक,’ आणि ठेवला. पॅनिक नको म्हणजे काय झालंय ते तरी सांगावं ना?”

मी फोन ठेवला, इंटरनेट जोडलं आणि सगळं तपासलं. बटण चालत होतं. मस्कतहून ‘येते’ होतं, दुबईहून होतं. पुण्याहून नव्हतं. मग त्यांना उलट फोन लावला आणि हे कसं सांगायचं याचे शब्द जुळवत मी रिसीव्हर हातात घेऊन, दोरी पुरेल तेवढ्या येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात पलीकडे त्यांच्या दाराची बेल वाजली.

“थांब हं,” काका म्हणाले, “पाण्याच्या बाटल्यांवाला असेल.”

पावलं लांब गेली. दार उघडल्याचा आवाज. मग काहीच नाही. मी ‘काका, काका’ करत राहिले. कुणीतरी जड काहीतरी जमिनीवर ठेवलं. मग पावलं जवळ आली, आणि रिसीव्हर उचलला गेला.

“नीला? आले गो.”

शारजा विमानतळावरून एकट्या टॅक्सी करून आल्या होत्या, गाठोड्यात कोकम आणि सांडगे घेऊन. दोन दिवस बटण दाबलं नाही म्हणून हे ओरडत असतील, हे त्यांना ठाऊक होतं. मुंबईपर्यंतच्या गाडीत बसल्यावर कुठून दाबणार? आणि मुळात, त्या म्हणाल्या, खरंच निघालेल्या माणसानं ‘येते’ कशाला म्हणायचं, सरळ यावं. मागे काकांचा आवाज ऐकू येत नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, “बसलेत तिथे चपलांपाशी. बसू दे जरा.”

मी धंद्याचंच बोलले. आता तो डबा तळातून काढून पुन्हा वर डावीकडे नेऊ का, म्हटलं, म्हणजे पुढच्या संक्रांतीला घोटाळा नको.

“हलवू नकोस,” कुंदाकाकू म्हणाल्या. “पुढच्या संक्रांतीला मी एकेकाला फोन करून बोलवीन. तो तळालाच असू दे. उठताना माणसाला काहीतरी म्हणता आलं पाहिजे.”